हायवेच्या कडेचं ऊन

मुलुंडला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि सर्व्हिस रोड यांच्या मध्ये जमिनीची एक लांब, अरुंद पट्टी आहे. गाडीतून जाणाऱ्या कुणाचंही तिच्याकडे लक्ष जायचं नाही, कारण तिथे बघण्यासारखं काही नव्हतंच. मोडक्या रिक्षा, डेब्रिजच्या गोणी, कुणीतरी टाकून दिलेला सोफा आणि एका टोकाला बंद पडलेली पाणपोई. रस्ता रुंद करायचा म्हणून कधीतरी घेतलेली जागा, पण रस्ता काही रुंद झाला नाही. त्या पट्टीवर सोलर पॅनल बसवायचं काम आमच्या कंपनीला मिळालं आणि साइट इंजिनिअर म्हणून मला तिथे पाठवलं. पहिल्या दिवशी मला पडलेला प्रश्न विजेचा नव्हता, मी बसायचं कुठे हा होता. सोफा होता, पण त्यात उंदीर होते.

आठवड्याभरात सोफा गेला, रिक्षा गेल्या, माती सपाट झाली आणि लोखंडी पाय रोवायला सुरुवात झाली. मग माणसं यायला लागली. मुंबईत कुठेही खड्डा खणा, बघायला माणसं येतातच. सकाळी चालायला निघालेले काका कुंपणाला नाक लावून विचारायचे, "मॅडम, पेट्रोल पंप येतोय का?" सोलर म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. एकीने विचारलं, याने बाजूच्या बिल्डिंगमध्ये गरमी वाढणार का. एका पोराला वाटलं होतं, आम्ही इलेक्ट्रिक गाड्यांचं पार्किंग बांधतोय. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे: हे ऊन खाणार, वीज करणार आणि ती वीज हायवेच्या दिव्यांना जाणार. त्यावर एक काका म्हणाले, "म्हणजे दिवसा करणार आणि रात्री वापरणार? मग मधल्या वेळात ठेवणार कुठे?" प्रश्न चांगला होता. दिवसाची वीज आपण ग्रिडला, म्हणजे शहराच्या वीजजाळ्याला, देतो आणि रात्री तेवढी परत घेतो, हे समजावता समजावता माझा चहा गार झाला.

जागा साफ करताना पट्टीच्या मधोमध दोन खाटा सापडल्या होत्या. चांगल्या, नायलॉनच्या नव्या पट्टीने विणलेल्या. आम्ही त्या उचलून कडेला ठेवल्या. दुपारी समोरच्या जुन्या इमारतीतून एक मावशी आल्या. ठेंगण्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या, गाऊनवर ओढणी. आमच्याकडे त्यांनी एकदा नीट बघितलं आणि दुसऱ्या बाईला हाक मारून दोन्ही खाटा घेऊन गेल्या. मला वाटलं, चला, भांडण झालं नाही.

फेब्रुवारीत पॅनल चालू झाले. फोनवर एक अ‍ॅप असतं, त्यात प्रत्येक ओळीतून किती वीज येते ते रेघेच्या रूपात दिसतं. सकाळी रेघ वर चढते, दुपारी टेकडीसारखी गोल होते, संध्याकाळी उतरते. मला ती रेघ बघायचं वेडच लागलं होतं. सकाळी दात घासताना बघायचे, जेवताना बघायचे. आमचे साहेब पुण्याचे, रागावले तरी 'आपण' म्हणणारे. त्यांनाही मी स्क्रीनशॉट पाठवायचे आणि ते अंगठा पाठवायचे.

मार्च लागला आणि तिसऱ्या ओळीच्या टेकडीला खड्डा पडला. सकाळी रेघ छान चढायची, साधारण दहाच्या सुमाराला धाडकन खाली यायची आणि चार वाजता परत जागेवर. रोज नाही, पण आठवड्यातून बऱ्याचदा. मी तेव्हा एकाच वेळी तीन साइट बघत होते, त्यामुळे मुलुंडला माझी फेरी एक तर सकाळी आठला व्हायची, नाही तर संध्याकाळी. गेले की सगळं व्यवस्थित. मी केबल तपासल्या, जोडण्या उघडून बघितल्या, ट्रकची धूळ बसते म्हणून जास्तीचं पाणी मारून घेतलं. वॉचमनला विचारलं तर तो म्हणायचा, "सब बढिया है मॅडम." साहेबांनी अंगठा पाठवणं थांबवलं होतं. आता ते रोज प्रश्नचिन्ह पाठवायचे.

मग एका मंगळवारी ठाण्याची मीटिंग रद्द झाली आणि मी भर दुपारी रिक्षा करून मुलुंडला पोचले.

गेट नुसतंच लोटलेलं होतं. आत वॉचमन स्टुलावर बसला होता, डोक्यावर टॉवेल, हातात एक लांब बांबू आणि बांबूच्या टोकाला बांधलेली काळी पिशवी. तो कावळे हाकलत होता. मला बघून तो इतक्या घाईने उठला की स्टूल पडलं. त्याच्या मागे आमची तिसरी ओळ होती. तिच्या पॅनलवर धुतलेली पांढरी धोतरं अंथरलेली, कडांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले, आणि धोतरांवर हारीने साबुदाण्याच्या पापड्या. त्यापुढे तांदळाच्या फेण्या. आणि शेवटच्या पॅनलवर, काचभर, लालभडक मिरच्या.

मी धावत सुटले.

"गो बाय, सांभाळून!" ओळीच्या मागून आवाज आला. "पदर लागात तुझो, ओल्या आसत अजून!"

पदर नव्हता, ओढणी होती. आणि आवाज त्याच खाटावाल्या मावशींचा होता. त्या पॅनलखालच्या सावलीत फतकल मारून बसल्या होत्या, सोबत आणखी तिघी बायका आणि मध्ये पाण्याची बाटली.

"मावशी, बाहेर या आधी! करंट बसेल!"

"इतके दिवस बसलो नाय, तो आज तू इलंस म्हणून बसतलो?"

बाकीच्या तिघी हसल्या. मला हसू येत नव्हतं. या काचांच्या मागे काय दाबाची वीज खेळते ते मला माहीत होतं. मी त्यांना हात धरून एकेक करत बाहेर काढलं. वॉचमन "मॅडम, मैंने बोला था, मैंने बोला था" असं म्हणत मागे मागे येत होता. त्याच्या शर्टाच्या खिशातून तळलेल्या पापडीचा तुकडा डोकावत होता.

गेटच्या बाहेर आल्यावर मी मावशींसमोर फोन धरला. "ही रेघ बघा. ही आमची वीज. इथपर्यंत चढते आणि इथे हा खड्डा पडतो. हा खड्डा म्हणजे तुमच्या पापड्या."

मावशींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि बराच वेळ बघितलं. "आणि ह्यो बारको खड्डो?"

"त्या मिरच्या असतील."

यावर मात्र मलाही हसू आवरलं नाही. मी सांगायला लागले, की हे सगळे पॅनल साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतात, एक झाकलं की अख्ख्या ओळीचा जोर उतरतो, शिवाय झाकलेलं पॅनल आतून तापून खराब होतं. मावशींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "तुझ्या काचेवर पापडी एका दिवसात कडक होता गो. खाटेवर दोन दिवस लागत. वस्तू चांगली आसा तुझी, माझी काय तक्रार नाय. पण माका सांग, आमची खाट होती थय. ती तुम्ही काढलास. आता आम्ही वाळत घालूचा खय?"

"घरी. गच्चीवर."

"चल," त्या म्हणाल्या. "दाखवतंय तुका गच्ची."

सर्व्हिस रोड ओलांडून आम्ही त्यांच्या इमारतीत गेलो. तळमजला आणि वर तीन मजले, जिन्यात भर दुपारी दिवा. एका बाजूला नवा टॉवर झालेला, दुसऱ्या बाजूला एक होत होता. गच्चीवर गेलो तर वर आभाळच नाही. गळती थांबावी म्हणून सोसायटीने अख्ख्या गच्चीवर पत्र्याची शेड घातलेली. पाणी थांबलं होतं आणि ऊनही. मावशींच्या गॅलरीत सकाळी थोडा वेळ कवडसा यायचा, तो नेमका चपलांच्या कपाटावर. "थय घालू पापड्या?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच हसल्या.

मावशी एका शाळेत आया होत्या, आता निवृत्त. सासरे आणि नवरा दोघेही गिरणीत होते, गिरण्या बंद झाल्यावर लालबाग सोडून इकडे आलेले. उन्हाळ्यात मजल्यावरच्या बायकांनी मिळून वर्षाचा मसाला आणि पापड्या करायच्या, हा त्यांचा नेम लालबागपासूनचा. तिथे मोठी गच्ची होती. इथे आल्यावर आधी गच्ची होती, मग गच्ची गेली आणि पट्टी सापडली, मग पट्टीवर आम्ही आलो. हे सगळं त्यांनी बांगडा तळता तळता सांगितलं. "मासे खातंस ना?" एवढंच विचारलं आणि माझं ताट वाढलं. मी गेटला कुलूप लावणार होते आणि त्यांच्याकडे सोलकढी पीत बसले होते.

शेवटी मावशींनी विचारलं, "ऊन सरकारचा काय गो?"

जागा सरकारची, पॅनल कंपनीचे, हे मला सांगता आलं असतं. उन्हाचं काय, ते कुठल्याच कागदावर नव्हतं. मी म्हटलं, "नाही मावशी. पण तुम्ही आत यायचं नाही. मी बघते काय करता येतं."

संध्याकाळी साहेबांना फोन केला. खड्ड्याचं कारण सांगितलं.

"पापड?"

"हो सर."

"पॅनलवर? आपण शुद्धीत आहात ना?"

साहेबांचं म्हणणं सरळ होतं: गेटला कुलूप, वॉचमन बदला, पोलिसांत कळवा. मी म्हटलं, कुलूप तर आजच लावलंय सर, पण माझ्या डोक्यात दुसरंही काही आहे. पॅनलचा ट्रक आला तेव्हा उतरवताना काही पॅनल आपटले होते. काच शाबूत, पण मागची जोडणीची डबी फुटलेली, त्यामुळे विजेच्या कामाचे नाहीत. ते भंगारात जायचे म्हणून साइटवरच्या सामानाच्या कंटेनरमध्ये पडून होते. पट्टीच्या टोकाला, पाणपोईजवळ, कुंपणाच्या बाहेर थोडी मोकळी जागा आहे. तिथे हे मेलेले पॅनल उरलेल्या लोखंडावर आडवे बसवले, तर बायकांना वाळवणाची मेजं मिळतील आणि आपल्या ओळीकडे कुणी फिरकणार नाही.

"मी प्रत्यक्ष येऊन पाहतो," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडी हा नकाराचाच एक प्रकार होता.

पण ते खरंच आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. मावशींना कुणी सांगितलं कोण जाणे, वॉचमननेच सांगितलं असणार, त्या स्टीलचा डबा घेऊन हजर. "साहेब, उन्हात उभे कित्याक? बसा." वॉचमनचं स्टूल पुढे आलं. साहेब बसले. डब्यात तळलेल्या पापड्या होत्या. साहेबांनी एक घेतली, कुरकुर करत खाल्ली आणि दुसरी घेतली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"यात जिरं आहे का?"

"जिरा आसा, हिंग नाय. तुमका हिंग व्हया काय?"

"नको, नको. आमच्याकडे हिंग घालतात, पण हे... बरंय." त्यांनी तिसरी घेतली. मग हायवेकडे तोंड करून मला म्हणाले, "कुंपणाच्या बाहेर. सगळ्या वायरी कापून, डबी काढून. कडांना रबर लावा, कुणाचा हात कापायला नको. रोज गेटला कुलूप आहे की नाही ते आपण स्वतः बघायचं." डब्यातल्या उरलेल्या पापड्या त्यांनी रुमालात बांधून घेतल्या.

मेजं बसवायला एक सकाळ पुरली. पहिल्यांदा मी ती माझ्या कंबरेच्या उंचीची केली. मावशी आल्या, हात लांबवून बघितला आणि म्हणाल्या, "मधी हात पोचत नाय माझो. तू उंच आसस म्हणून जग उंच आसा काय?" मग सगळे नटबोल्ट सोडवून ती खाली घेतली. फुटक्या डबीच्या जागी पत्रा ठोकला. त्याच दुपारी धोतरं अंथरली गेली. मी फोन उघडला. तिसऱ्या ओळीची टेकडी अख्खी, कुठे खड्डा नाही. साहेबांना स्क्रीनशॉट पाठवला. अंगठा आला.

तो उन्हाळा मजेत गेला. वॉचमन आता उघडपणे कावळे हाकलायचा, आमच्या ओळींवरचेही आणि मावशींच्या मेजांवरचेही. मसाल्याच्या मिरच्या तापल्या की वाऱ्याबरोबर खकाणा सगळ्या पट्टीभर फिरायचा. पॅनल पुसणारी आमची माणसं ओळीने शिंकत शिंकत पुढे सरकायची. एकदा सर्व्हिस रोडच्या सिग्नलला थांबलेल्या बसमधले प्रवासी शिंकायला लागले, तेव्हा मावशींनी खिडक्यांकडे बघून दोन्ही हात जोडले.

हे सगळं मी घरी सांगायचे. आम्ही घाटकोपरला राहतो. आईबाबा मूळचे जालन्याकडचे. बाकी साइटच्या गोष्टी आई अर्ध्या कानाने ऐकायची, पण वाळवण म्हटल्यावर तिने कान टवकारले. "मला बी ने एकदा," ती म्हणाली. भीमजयंतीची धामधूम आटोपली आणि पुढच्या रविवारी ती खरंच तयार होऊन बसली. मांडीवर मोठा डबा. त्यात खारोड्यांसाठी बाजरीचं शिजवलेलं पीठ, लसूण आणि तीळ घातलेलं.

मावशींनी डब्यात डोकावून बघितलं. काळपट, जाडसर पीठ. आई ते हाताने चिमटीचिमटीने मेजावर टाकायला लागली. "ह्या काय?" मावशी म्हणाल्या. "शेणी थापतंस काय?"

मी घाबरले. आई तोंडाची तिखट आहे. पण तिने मान वर न करता म्हटलं, "वाळू द्या. तळून खा. मग बोला, ताई."

"आणि नाय आवडल्या तर?"

"तर मी तुमची साबुदाण्याची बी खाणार न्हाई."

दोघी एकाच वेळी हसल्या आणि माझी सुटका झाली. मग लसूण किती, तीळ भाजलेले की कच्चे, यावर त्यांचं जे सुरू झालं त्यात माझी गरज उरली नाही.

थोड्या वेळाने मी आईला कुंपणाच्या आत नेलं, हेल्मेट घालून. तिने कधीच मी उभं केलेलं काही बघितलं नव्हतं. ओळीच्या मधून ती हळूहळू चालली. एका लोखंडी पायाला हात लावून बघितला, हलतो का म्हणून.

"हे सगळं तू केलंस?"

"मी एकटीने नाही. नकाशा माझा, उभं करून घेतलं मी."

पलीकडून ट्रक जात होते, त्यांच्या हवेने तिचा पदर उडत होता. मग म्हणाली, "दुष्काळ पडला तेव्हा मी लई लहान होते. आई-बापासोबत रस्त्याच्या कामावर जायचे. खडी वाहिली आहे मी, डोक्यावर घमेलं घेऊन. असाच रस्ता, अशीच कडंची जागा. दुपारी भाकर सोडायचो तर बसायला सावली नसायची. बाप धोतर दोन दगडांवर ताणून माझ्या डोक्यावर धरायचा."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. आईने पॅनलच्या खाली, सावलीत, रुमाल अंथरला आणि पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला. "बस," म्हणाली. "इथं खाऊ." नियमाप्रमाणे तिथे बसायचं नव्हतं. पण मी जोडण्यांपासून दूरची जागा बघितली आणि बसले. हायवेच्या कडेला, सावलीत, आम्ही दोघींनी भाकरी खाल्ली. आई मध्येच वर काचेच्या पाठीकडे बघायची आणि पुन्हा घास घ्यायची. ती खूप खुशीत होती. आम्ही निघालो तेव्हा मावशींनी तिला मसाल्याची पुडी दिली.

खारोड्या मावशींना आवडल्या. तसं त्यांनी तोंडाने कबूल केलं नाही, पण पुढच्या आठवड्यात फोनवर मला विचारलं, "तुझी आवस परत कधी येतली? बाजरी मी आणून ठेवलंय."

यंदा माझी बदली बोरिवलीला झाली आहे. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेला तशीच एक पट्टी आहे, नॅशनल पार्कच्या बाजूला. पहिल्याच दिवशी मोजमाप सुरू करायच्या आधी मी सर्व्हिस रोड ओलांडून समोरच्या सोसायटीत गेले आणि गेटवर बसलेल्या आजोबांना विचारलं, या जागेवर कुणी काही वाळत घालतं का, कुणी बसतं का.

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वाळत काय घालायचंय? आमची गच्ची मस्त आहे. पण आम्ही तिथे संध्याकाळी पत्ते खेळायला बसतो, पाच-सहा जण. पश्चिमेचं ऊन थेट डोळ्यात येतं. तुमचं ते पॅनल जरा उंच घेता येईल का? खाली बाक मावेल इतकं?"

मी वहीत उंची लिहून घेतली. रात्री साहेबांना नवा नकाशा पाठवला, एक ओळ उंच घेतलेली, जोडण्या जाळीच्या आत बंद केलेल्या, खाली बाक. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. आजोबा मात्र रोज विचारतात, आणि परवा त्यांनी बाकाचा रंगही सांगून ठेवला. हिरवा.